दारात आलेले औषध आणि आपला काउंटर

आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत: भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्याय आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. या चौघांत भिषक् प्रधान का, याची उत्तरे आपण परीक्षेत लिहिली आणि पुढे व्यवसायात पडल्यावर ती बहुधा विसरलो. गेल्या काही वर्षांत मोबाइलवरून सुरू झालेल्या औषधविक्रीने तो प्रश्न पुन्हा आपल्यासमोर आणून ठेवला आहे. आता द्रव्य थेट रोग्याच्या दारात पोहोचते. भिषक् मध्ये कोठेच नसतो. अशा वेळी रोग्याचे रक्षण कोणी करावयाचे, कायद्याने त्यासाठी काय केले आहे आणि त्यात वैद्यांचा व औषधविक्रेत्यांचा वाटा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक अनुभव

धानाची रोवणी आटोपली की आमच्याकडे गुडघेदुखी व कंबरदुखीचे रुग्ण वाढतात. चिखलाच्या बांधीत दिवसभर वाकून काम केलेल्या स्त्रिया त्यांत अधिक असतात. अशाच एका रोवणीनंतर सालेकसा तालुक्यातील साठीच्या आसपासच्या एक बाई मुलासोबत आमच्याकडे आल्या. पूर्वी त्या संधिवातासाठी आमच्याकडेच उपचार घेत असत. मध्ये सात-आठ महिने आल्या नव्हत्या. या वेळी त्यांना ओळखण्यास आम्हांस क्षणभर वेळ लागला. चेहरा गोल व फुगलेला, पोट सुटलेले, हातापायांची कातडी पातळ होऊन तीवर जांभळे डाग. रक्तदाब वाढलेला होता आणि पूर्वी कधीही नसलेली रक्तातील साखर बरीच वर गेली होती.

विचारणा केल्यावर मुलाने पिशवीतून एक प्लास्टिकचा डबा काढला. मोबाइलवर जाहिरात पाहून त्याने ते चूर्ण मागविले होते. पार्सल घरी आले, पैसे पार्सल आणणाऱ्याच्या हाती दिले. "डॉक्टरसाहेब, चार दिवसांतच आईचे गुडघे मोकळे झाले होते," तो म्हणाला. डब्यावर हिरव्या पानाचे चित्र, '१०० टक्के आयुर्वेदिक' हे शब्द आणि एक मोबाइल क्रमांक होता. घटकद्रव्यांची यादी नव्हती. उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, यांपैकी काहीही नव्हते.

चार दिवसांत संधिवात मोकळा करणारे चूर्ण आपल्या कोणत्याही ग्रंथात नाही. लक्षणे पाहून चूर्णात स्टेरॉइड मिसळलेले असावे असा आम्हांस दाट संशय आला. असे द्रव्य महिनोन्महिने पोटात गेल्यावर एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते, म्हणून आम्ही त्यांना तातडीने एका फिजिशियनकडे पाठविले. तेथे केलेल्या तपासणीत सकाळच्या रक्तातील कॉर्टिसॉलची पातळी फारच कमी आढळली आणि आमचा संशय बळावला. फिजिशियनच्या देखरेखीखाली, मात्रा हळूहळू कमी करीत, त्या पूर्वपदावर येण्यास बरेच महिने लागले.

बाई सुखरूप आहेत. परंतु त्या दिवशी त्यांच्या मुलाने सहज उच्चारलेले एक वाक्य आमच्या मनातून गेलेले नाही. आम्ही त्यास जरा रागानेच विचारले, "असले काहीबाही आईला कसे दिलेस?" तो म्हणाला, "आयुर्वेदिकच लिहिले होते ना, डॉक्टरसाहेब. तुमचेच तर औषध."

तुमचेच तर औषध! ते चूर्ण कोणी बनविले हे आजतागायत कोणास ठाऊक नाही. दोष मात्र आपल्या शास्त्राच्या नावे जमा झाला.

तक्रार का उभी राहिली नाही

या प्रकरणी तक्रार करावी असे आम्ही त्या कुटुंबास सुचविले व स्वतः त्यात लक्ष घातले. त्या निमित्ताने ग्राहक संरक्षणाचा कायदा आम्ही प्रथमच मुळापासून वाचला. व्यवसायबंधूंना उपयोगी पडेल इतका त्याचा गोषवारा येथे देतो.

ग्राहक चळवळ महाराष्ट्रास नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. ग्राहक संरक्षणाचा केंद्रीय कायदा त्यानंतर, १९८६ मध्ये आला. आपल्या व्यवसायाची गाठ त्याच्याशी खऱ्या अर्थाने पडली ती १९९५ मध्ये, इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत येते असे ठरविले तेव्हा.

मात्र १९८६ चा कायदा ज्या बाजारपेठेसाठी झाला तीत दुकानदार डोळ्यांसमोर असे. तक्रार नोंदवावयाची ती विरुद्ध पक्ष जेथे राहतो वा धंदा करतो तेथे, किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले तेथे. गोंदियाच्या गांधी चौकातील दुकानात घेतलेल्या वस्तूबाबत त्यात अडचण नव्हती. विक्रेता दूरच्या राज्यात आणि खरेदी मोबाइलवर, अशा व्यवहारात मात्र पहिला वाद तक्रार कोणत्या गावी चालावी यावरच होई. १ मे १९९९ रोजी आपला जिल्हा वेगळा होण्यापूर्वी तर जिल्ह्याचे प्रत्येक काम भंडाऱ्याला होते. सालेकसा वा देवरीच्या शेतकऱ्याने परराज्यात जाऊन खटला लढवावा, ही अपेक्षाच व्यर्थ होती.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि त्याने ही अडचण दूर केली. आता ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' या प्रणालीवरून घरबसल्याही तक्रार नोंदविता येते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

त्याच जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्ससाठी स्वतंत्र नियम आले. ऑनलाइन बाजारपेठ चालविणाऱ्यास आपल्या विक्रेत्याचे नाव व पत्ता ग्राहकास दाखवावा लागतो. तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी व एका महिन्यात निवारण करावे असे बंधन आहे. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून आपल्या मालाची स्तुती लिहिणे निषिद्ध आहे. दोषयुक्त माल परत घेण्यास नकार देता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही त्याच महिन्यात स्थापन झाले. "आम्ही केवळ मध्यस्थ, माल दुसऱ्याचा" ही सबब किती चालते, याचा अंदाज ऑगस्ट २०२२ मधील आदेशांवरून येतो. सक्तीच्या प्रमाणकानुसार नसलेल्या प्रेशर कुकरची विक्री होऊ दिल्याबद्दल प्राधिकरणाने ॲमेझॉन व फ्लिपकार्ट या दोन्ही कंपन्यांना प्रत्येकी १ लाख रुपये दंड केला आणि ॲमेझॉनवरून विकलेल्या २,२६५ व फ्लिपकार्टवरून विकलेल्या ५९८ कुकरच्या ग्राहकांना कळवून पैसे परत करण्यास सांगितले. हे आदेश पुढे न्यायालयात गेले. परंतु बाजारपेठ चालविणाराही उत्तरदायी आहे ही भूमिका त्यांतून स्पष्ट झाली.

इतके सर्व असूनही आमच्या रुग्णाची तक्रार उभी राहिली नाही. तिचे कारण साधे आहे. ते चूर्ण कोणत्याही नोंदणीकृत बाजारपेठेवरून घेतलेले नव्हते. बिल नव्हते. डब्यावरील क्रमांक बंद होता. पार्सलवरील पत्त्याचे वेष्टन पहिल्याच दिवशी चुलीत गेले होते, आणि डब्यात तपासणीसाठी सीलबंद असे काही उरले नव्हते. तक्रार करावयाची ती कोणाविरुद्ध? जो नाव मागे ठेवतो त्यालाच कायदा धरू शकतो. ग्राहकाचे संरक्षण आयोगात सुरू होत नाही. ते बिलाच्या कागदापासून सुरू होते.

आपल्या औषधांची विशेष स्थिती

येथे आपल्या क्षेत्रातील एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये ॲलोपॅथीची औषधे विकण्यास विक्री परवाना लागतो. आयुर्वेदिक औषध बनविण्यास परवाना लागतो, विकण्यास लागत नाही. त्यामुळे ॲलोपॅथीच्या ऑनलाइन विक्रीवर ज्या मार्गाने कारवाई होऊ शकते तो मार्ग आपल्याकडे अपुरा पडतो. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने स्नॅपडील या ऑनलाइन कंपनीविरुद्ध गुन्हा नोंदविला, तेव्हा मुद्दा प्रामुख्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावयाच्या औषधांचा होता. आयुर्वेदिक औषध किराणा दुकानात, यात्रेत, बसस्थानकावर विकले जाते. तसेच ते मोबाइलवरही विकले जाते.

परंतु सर्वच आयुर्वेदिक औषधे या मोकळिकीत बसत नाहीत. औषध नियमावलीतील अनुसूची ई (१) मध्ये वत्सनाभ, विषमुष्टी, भल्लातक, धत्तूर, जयपाल, गुंजा, अहिफेन, भंगा, पारद, हिंगुळ, हरताल, मनःशिला, गौरीपाषाण इत्यादी द्रव्ये दिलेली आहेत. ही द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापणे नियम १६१ नुसार बंधनकारक आहे. आयुष मंत्रालयाने १ फेब्रुवारी २०१६ च्या जाहीर सूचनेद्वारे, अशी औषधे वैद्यांच्या सल्ल्याविना ऑनलाइन खरेदी करू नयेत असे सांगितले होते. त्यापुढचे पाऊल जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने टाकले: अनुसूची ई (१) मधील द्रव्ये असलेले आयुर्वेदिक, सिद्ध वा युनानी औषध विकताना ग्राहकाने नोंदणीकृत चिकित्सकाची वैध चिठ्ठी सादर केल्यानंतरच ते विकावे, अशी सूचना ई-कॉमर्स कंपन्यांना देण्यात आली.

आता ही यादी हातात घेऊन आपापल्या कपाटासमोर उभे राहावे. त्रिभुवनकीर्ती रसात हिंगुळ व वत्सनाभ. संजीवनी वटीत वत्सनाभ व भल्लातक. आरोग्यवर्धिनीत पारद. अग्नितुंडी वटीत विषमुष्टी. पडसे झाले म्हणून कोणीही यावे आणि त्रिभुवनकीर्तीची डबी घेऊन जावे, असे आपल्यापैकी किती काउंटरवर घडते? ऑनलाइन विक्रेत्याने चिठ्ठी मागावी असा आग्रह आपण धरतो तेव्हा तोच प्रश्न आपणांस विचारला जाणार, हे ओघानेच येते. यावर एक उत्तर दिले जाते की, आमचा ग्राहक आमच्या ओळखीचा असतो. त्याचे वय, व्याधी, चालू असलेली औषधे आम्हांस माहीत असतात. हे बऱ्याच अंशी खरे आहे. लहान गावातील दुकानदार गर्भिणीस अशी डबी देत नाही. त्यास तेवढे कळते. परंतु ही ओळख कोठे लिहून ठेवलेली नसते, आणि दुकानात पगारी मुलगा बसू लागला की ती संपते.

जाहिरात आणि दावे

आमच्या रुग्णाने पाहिलेली जाहिरात संधिवात मुळापासून घालविण्याची होती. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत ५४ व्याधी आहेत. त्यांत मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा, हृद्रोग, वंध्यत्व यांच्यासोबत संधिवातही आहे. या व्याधी बऱ्या करण्याची जाहिरात करणे हाच अपराध आहे. मग औषध खरे असो वा खोटे. मोबाइलचा मागमूस नसताना झालेल्या या कायद्यातील जाहिरातीच्या व्याख्येत प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते. तेव्हा मोबाइलच्या पडद्यावरील जाहिरात त्यातून सुटत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये औषध नियमावलीत नियम १७० घालून, आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीस राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याची पूर्वसंमती आवश्यक करण्यात आली होती. १ जुलै २०२४ रोजी तो नियम वगळण्यात आला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यास स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते प्रकरणच निकाली काढले व स्थगितीही संपली. नियम १७० गेला म्हणून जाहिरातीस मोकळे रान मिळाले, असा समज काही व्यवसायबंधूंमध्ये दिसतो. तो चुकीचा आहे. १९५४ चा कायदा कायम आहे. शिवाय २०१९ च्या कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाखांपर्यंत व पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. अशा जाहिरातींविषयी तक्रार करण्यासाठी ३० मे २०२५ रोजी आयुष मंत्री प्रतापराव जाधव यांच्या हस्ते 'आयुष सुरक्षा' पोर्टल सुरू झाले आहे.

आपण कोठे उभे आहोत

वैद्यांस कायद्याने एक सवलत दिली आहे. स्वतःच्या रुग्णांच्या उपयोगासाठी वैद्य जे औषध तयार करतो त्यास १९४० च्या कायद्यातील कलम ३३ ईईसी चे निर्बंध लागू होत नाहीत. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या औषधनिर्मितीस कायद्याने दिलेला हा मान आहे. त्याचा सारा आधार 'स्वतःचा रुग्ण' या दोन शब्दांत आहे. नाडी पाहिली, प्रकृती जाणली, नोंद ठेवली, तो आपला रुग्ण. मोबाइलवर "वजन कमी होण्याचे चूर्ण पाठवा" असा निरोप धाडून पैसे पाठविणारा अनोळखी मनुष्य आपला रुग्ण नव्हे. तो ग्राहक आहे. त्यास घरी केलेले चूर्ण पार्सलने पाठविले की आपण सवलतीच्या कक्षेबाहेर जातो, आणि त्या हिरव्या पानाच्या डब्यात व आपल्या पुडीत कायद्याच्या दृष्टीने फारसे अंतर उरत नाही. हे वाक्य लिहिताना आम्हांस सुख होत नाही. आमच्याकडूनही कोणे एके काळी ओळखीच्या ओळखीने अशा पुड्या पुण्या-मुंबईस गेल्या आहेत. आता आम्ही ते थांबविले आहे.

औषधविक्रेत्यांसाठी २०१९ च्या कायद्यातील उत्पादन दायित्वाचे प्रकरण महत्त्वाचे आहे. सदोष औषधाने हानी झाल्यास सामान्यतः उत्पादक जबाबदार असतो. परंतु उत्पादकाचा ठावठिकाणा लागत नसेल, किंवा विक्रेत्याने उत्पादकाच्या सूचना ग्राहकापर्यंत पोहोचविल्या नसतील, अथवा स्वतः वेगळी हमी दिली असेल, तर विक्रेत्यावर दायित्व येते. "घेऊन जा, हमखास गुण येईल" हे शब्द आपल्या काउंटरवर किती सहज उच्चारले जातात, याचा प्रत्येकाने विचार करावा. बिलाविना आलेला स्वस्त माल विकणारा दुकानदार उद्या स्वतःच शेवटचे सापडणारे नाव ठरतो.

जिल्ह्यातील महिला बचत गट व ग्रामसभा हिरडा, बेहडा, आवळा, मध ही वनोपजे विकतात. काहींनी ऑनलाइन विक्रीचा विचारही चालविला आहे. त्यांना आपण योग्य सल्ला द्यावा. आवळ्याची कँडी खाद्यपदार्थ म्हणून अन्न परवान्यावर विकणे एक, आणि त्याच आवळ्याच्या चूर्णावर व्याधिनाशाचा दावा छापणे दुसरे. दाव्यासह ते औषध ठरते आणि औषधास उत्पादन परवाना लागतो.

काय करावे

१) रुग्णाच्या इतिहासात 'मोबाइलवरून काही मागविले काय' हा प्रश्न नित्य विचारावा आणि उत्तर नोंदवावे. संशय आल्यास डबा, वेष्टन व पार्सलवरील कागद जपून ठेवण्यास सांगावे. संशयित चूर्ण एकाएकी बंद करवू नये. फिजिशियनचा सल्ला घ्यावा.

२) रुग्णास डब्यावरील चार गोष्टी पाहण्यास शिकवावे: उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची अंतिम मुदत. फक्त अन्न परवान्याचा क्रमांक असलेल्या मालास व्याधी बरी करण्याचा दावा करता येत नाही, हेही सांगावे.

३) अनुसूची ई (१) मधील औषधांसाठी कपाटात वेगळा कप्पा करावा आणि ती चिठ्ठीवरच द्यावीत. एक साधी नोंदवही पुरेशी आहे.

४) प्रत्येक विक्रीचे बिल द्यावे, त्यावर बॅच क्रमांक लिहावा. ग्राहक नको म्हणाला तरी द्यावे.

५) वैद्यांनी औषध पाठवावयाचेच असेल तर ते तपासलेल्या व नोंद असलेल्या रुग्णासच, चिठ्ठीसह पाठवावे.

आम्ही आमच्या दवाखान्यात गेल्या वर्षापासून हा क्रम ठेवला आहे. प्रारंभी काही ग्राहक नाराज झाले. दोघे-तिघे समोरच्या दुकानात गेले. परंतु बिल व नोंद पाहून परत आलेलेही आहेत.

ऑनलाइन व्यापार थांबणार नाही आणि तो थांबावा असे आमचे म्हणणेही नाही. देवरीच्या जंगलपट्टीतील रुग्णास उत्तम कंपनीचे च्यवनप्राश घरपोच मिळत असेल तर त्यात वाईट काय? कायदा आता त्या व्यवहारात विक्रेत्याचे नाव, पत्ता, चिठ्ठी आणि उत्तर देणारा माणूस यांची मागणी करीत आहे. वैद्याच्या ओसरीवर बसलेल्या रुग्णास या चारही गोष्टी पूर्वी न मागता मिळत असत. त्या आपल्याकडे आजही मिळतात हे दाखवून देणे आपल्या हाती आहे. त्या बाई परवाच येऊन गेल्या. गुडघे दुखतात, पूर्वीसारखेच, आणि औषधाचा गुण हळूहळू येतो. जाताना त्यांच्या मुलाने पुडीसोबतचे बिल मागून घेतले, दोनदा वाचले आणि घडी करून खिशात ठेवले.